अडकलेला बिटकॉइन-व्यवहार आणि हुंडीची पेठ

व्यापारात बुडालेल्या रकमेपेक्षा अधांतरी लोंबकळणारी रक्कम मनाला अधिक जाचते. बुडालेली रक्कम एकदा बुडीत खाती लिहिली म्हणजे वही मिटता येते. परंतु जी रक्कम आपल्या हातून निघाली आणि ज्यास पोहोचावयाची त्यास पोहोचली नाही, ती नावे लिहावी की शिल्लक धरावी, हे अनुभवी दिवाणजीलाही उमगत नाही. घेणारा तगादा लावतो, देणारा ‘पाठविली’ म्हणून शपथ घेतो, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

आपल्या पेढ्यांना हा प्रसंग नवा नाही. हुंडी वाटेत गहाळ झाली की ती लिहिणारा धनी त्याच आशयाची दुसरी प्रत देत असे. तिला ‘पेठ’ म्हणत. पेठही हरवली तर तिसरी प्रत निघे, ती ‘परपेठ’. कागद तीन झाले तरी पैसा एकदाच द्यावयाचा, ही त्यातील मेख होती. पेठेत मूळ हुंडीचा उल्लेख असे, आणि मूळ हुंडी वटली नसेल तरच ही चुकती करावी असा तिचा अर्थ असे. जी प्रत आधी सकारली जाई तिचा खोका होई. बाकीच्या प्रती आपोआप निरर्थक ठरत. या एका नियमावर शेकडो कोसांचा व्यवहार निर्धास्तपणे चालला.

आज आपल्या सभासदांच्या घरांतील तरुण पिढीच्या हाती बिटकॉइन, ईथर यांसारखी संगणकी नाणी आली आहेत. या नाण्यांचा व्यवहार कधी कधी तासन् तास, क्वचित दिवसेन् दिवस अडकून पडतो. पडद्यावर ‘प्रलंबित’ एवढाच शब्द दिसतो, आणि घाबऱ्या मनाने मनुष्य नेमके करू नये ते करून बसतो. ही नाणी घ्यावी की न घ्यावी, हा या लेखाचा विषय नाही. त्यांची भलावण आम्हांस करावयाची नाही आणि निंदाही नाही. ज्यांनी ती घेतलीच आहेत त्यांचा पैसा अज्ञानामुळे जाऊ नये, एवढाच हेतू धरून आम्ही ही माहिती सभासदांपुढे ठेवीत आहोत.

अडकणे म्हणजे काय

बिटकॉइनचा आराखडा सातोशी नाकामोटो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या सामाईक वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ रोजी लिहिले गेले. ही वही कोणा एका पेढीच्या तिजोरीत नसते. जगभरच्या हजारो संगणकांवर तिची एकेक प्रत असते; अशा संगणकास ‘नोड’ म्हणतात. सुमारे दर १० मिनिटांनी या वहीस एक नवे पान जोडले जाते. त्या पानास ‘ब्लॉक’ म्हणतात, आणि पान जोडण्याचे काम करणाऱ्यांस ‘मायनर’.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपण वॉलेटमधून रक्कम ‘पाठवितो’ तेव्हा प्रत्यक्षात काहीच हलत नाही. आपण केवळ सही केलेला एक हुकूम सर्वांस कळवितो. तो हुकूम प्रत्येक नोडच्या प्रतीक्षेच्या यादीत जाऊन पडतो. या यादीस ‘मेमपूल’ असे नाव आहे. तेथून उचलून मायनर तो पानावर लिहील तेव्हाच रक्कम खऱ्या अर्थाने एका हातून दुसऱ्या हाती गेली असे समजावयाचे. तोवर तो वाटेतल्या हुंडीसारखा आहे: लिहिला गेला आहे, सहीही आहे, पण वटलेला नाही.

पानावरील जागा मर्यादित असते, म्हणून मायनर आधी त्यांचे हुकूम घेतात जे जागेच्या मानाने अधिक शुल्क देतात. हे शुल्क पाठविलेल्या रकमेवर ठरत नाही. हुकूम किती जागा व्यापतो यावर ठरते. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग कल्पिले आहेत. त्या प्रत्येक भागास ‘साटोशी’ म्हणतात, आणि जागेच्या दर एककास इतके साटोशी असा दर चालतो. लाखाची रक्कम पाठविणारा आणि हजाराची पाठविणारा, दोघांचे हुकूम सारख्याच आकाराचे असतील तर दोघांस शुल्कही सारखेच पडते.

गर्दी वाढली की दर चढतो, आणि स्वस्त दराने पाठविलेले हुकूम मागे राहतात. डिसेंबर २०१७ मध्ये एका व्यवहारामागील सरासरी शुल्क ५० डॉलरच्याही वर गेले होते. २० एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे मायनरांचे ठरलेले बक्षीस निम्मे झाले आणि त्याच घटकेस नव्या प्रकारच्या नोंदींची झुंबड उडाली, त्या दिवशी हे सरासरी शुल्क १०० डॉलरच्या पलीकडे गेले. मोठ्या पेढ्यांचीही अशा वेळी तारांबळ उडते. मे २०२३ मध्ये शुल्क एकाएकी भडकले तेव्हा बायनान्स या जगातील सर्वांत मोठ्या बाजारास बिटकॉइन काढून देणे दोनदा थांबवावे लागले, आणि अडकलेले व्यवहार वाढीव शुल्काने बदलून पाठवावे लागले. तेव्हा एखाद्या सामान्य गृहस्थाचा व्यवहार अडकला तर त्यात लाजण्यासारखे किंवा हादरण्यासारखे काही नाही.

आधी निदान, मग औषध

अडकलेल्या व्यवहारांची तीन निरनिराळी दुखणी असतात आणि बाहेरून ती सारखीच दिसतात. औषध मात्र प्रत्येकाचे वेगळे. निदानासाठी व्यवहाराचा लांबलचक क्रमांक घ्यावा, आणि बिटकॉइन असल्यास मेमपूल डॉट स्पेस, ईथर असल्यास ईथरस्कॅन यांसारख्या सार्वजनिक ठिकाणी तो घालून पाहावा. तेथे कोणाची परवानगी लागत नाही. वही सर्वांसाठी उघडी आहे.

पहिला प्रकार: क्रमांकच मिळत नाही, किंवा मिळालेला क्रमांक कोठेही दिसत नाही. नाणी एखाद्या बाजाराच्या ताब्यात असतील तर त्या बाजाराने हुकूम अद्याप बाहेर सोडलेलाच नाही असे बहुधा समजावे. येथे आपल्या हाती उपाय नाही. त्या बाजाराकडे लेखी विचारणा करावी. नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये असतील तर हुकूम एक तर कोठे पोहोचला नसेल, किंवा दर फार कमी म्हणून नोडांनी तो गाळला असेल.

दुसरा प्रकार: क्रमांक दिसतो, पण त्यापुढे ‘अपुष्ट’ असा शेरा आहे. खरे अडकणे ते हेच, आणि पुढील उपाय यासाठीच आहेत.

तिसरा प्रकार: नोंद पानावर चढलेली आहे, तरी घेणाऱ्यास रक्कम दिसत नाही. येथे व्यवहार पुरा झालेला असतो. कित्येक बाजार नोंदीवर आणखी काही पाने चढल्याखेरीज रक्कम जमा दाखवीत नाहीत; बिटकॉइनच्या बाबतीत ६ पानांचा प्रघात जुना आहे. कधी रक्कम भलत्याच साखळीवरून पाठविलेली असते. ट्रॉनच्या साखळीवरील डॉलर-नाणे ईथरच्या साखळीवर शोधल्यास ते सापडणार कोठून? तर काही नाण्यांत पत्त्याबरोबर लिहावयाचा खातेक्रमांक राहून गेलेला असतो. यांपैकी कोणत्याही दुखण्यास शुल्क वाढविणे हे औषध नव्हे; घेणाऱ्या बाजाराकडेच दाद मागावी लागते.

पहिला उपाय: थांबणे

व्यवहार तातडीचा नसेल तर स्वस्थ बसणे हा सर्वांत स्वस्त आणि पुष्कळदा पुरेसा उपाय आहे. गर्दी ओसरली, विशेषतः शनिवार-रविवारी बाजार मंदावला, की मागे पडलेले हुकूमही उचलले जातात. बिटकॉइनच्या मुख्य आज्ञावलीत नोडची यादी मूळ मांडणीप्रमाणे ३०० मेगाबाइटपर्यंत भरते. त्यापुढे सर्वांत कमी दराचे हुकूम गाळले जातात. तसेच १४ दिवस उलटूनही न चढलेला हुकूम यादीतून काढून टाकला जातो. असे झाले म्हणजे वॉलेटात रक्कम पुन्हा आपल्या नावे मोकळी दिसू लागते. रक्कम कोठून परत आली असे नव्हे. ती कधी गेलीच नव्हती.

तथापि एक सावधगिरी हवी. यादीतून गळालेला हुकूम मेलेला नसतो. त्यावरील सही खरी असल्यामुळे कोणीही तो पुन्हा सर्वांस कळवू शकतो. ‘जुना व्यवहार गेला’ असे समजून त्याच घेणाऱ्यास दुसऱ्या नाण्यांतून नवी रक्कम पाठविली आणि पुढे जुनाही चढला, तर रक्कम दोनदा जाते. पेठ लिहिताना मूळ हुंडीचा उल्लेख का करीत, याचे मर्म येथे कळते.

दुसरा उपाय: पेठ लिहिणे

तीच नाणी खर्चणारा, पण अधिक शुल्काचा दुसरा हुकूम काढणे, याला ‘रिप्लेस बाय फी’ असे नाव आहे. एकच नाणे वहीत दोनदा खर्ची पडू शकत नाही; म्हणून दोहोंपैकी एक पानावर चढला की दुसरा कायमचा रद्द होतो. ही बिटकॉइनची पेठच होय. या बदलाचे नियम डिसेंबर २०१५ मध्ये लिहिले गेले आणि २०१६ च्या आरंभी मुख्य आज्ञावलीत आले. प्रथम मूळ हुकुमावर तशी खूण केलेली असली तरच तो बदलता येई. ऑक्टोबर २०२४ च्या आवृत्तीपासून मूळ मांडणीतच ही अट उरलेली नाही. इलेक्ट्रमसारख्या वॉलेटांत अडकलेल्या व्यवहारावर शुल्क वाढविण्याची सोय तयार असते. अनेक वॉलेटांत ‘गती वाढवा’ अशा अर्थाची कळ दिसते.

साधा हिशेब पाहू. एक नाणे खर्चून घेणाऱ्यास रक्कम आणि आपणास उरलेली मोड, असा आजच्या पद्धतीचा साधा हुकूम सुमारे १४१ एकक जागा घेतो. दर २ साटोशी असेल तर शुल्क झाले २८२ साटोशी. बाजारभाव २० वर गेला असेल तर नव्या हुकुमाचे शुल्क २,८२० साटोशी ठेवावे. वाढीव २,५३८ साटोशी बहुधा आपल्या मोडीतून जातात. घेणाऱ्याची रक्कम तीच राहते. रक्कम पाठविण्याचा विचारच बदलला असेल तर नव्या हुकुमात घेणाऱ्याऐवजी स्वतःचाच पत्ता घालावा. व्यवहार खात्रीने रद्द करण्याचा मार्ग हाच.

शुल्काचा आकडा मात्र दोनदा वाचूनच सही करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये पॅक्सॉस या अमेरिकन कंपनीने सुमारे २,००० डॉलरच्या व्यवहारासाठी १९ बिटकॉइनहून अधिक, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ५ लाख डॉलर, शुल्क चुकून दिले. ते ज्या मायनर-संघाच्या हाती पडले त्या एफटूपूलने परत केले, हा त्यांचा मोठेपणा. वही ते परत करावयास कोणासही भाग पाडू शकत नाही.

तिसरा उपाय: मुलाने बापाचे ऋण फेडणे

शुल्क वाढविण्याचा अधिकार पाठविणाऱ्याचा. पण पाठविणारा हात झटकून बसला आणि खोळंबा घेणाऱ्याचा झाला, तर? बिटकॉइनमध्ये यावरही तोड आहे. येऊ घातलेली रक्कम अपुष्ट असतानाच घेणाऱ्याने ती स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर भरघोस शुल्क देऊन पाठवावी. हा दुसरा हुकूम पहिल्यावाचून चढू शकत नाही. त्यामुळे त्याचे शुल्क हवे असेल तर मायनरास दोन्ही हुकूम एकत्रच घ्यावे लागतात. यास ‘चाइल्ड पेज फॉर पेरेंट’ म्हणतात: मुलगा बापाचे ऋण फेडतो.

वरचेच उदाहरण घेतले तर बाप १४१ एककांचा, त्याने दिलेले शुल्क २८२. मुलाचा हुकूम सुमारे ११० एककांचा. दोघांची जागा मिळून २५१. बाजारभाव २० धरल्यास एकूण हवेत ५,०२० साटोशी. बापाचे २८२ वजा जाता मुलाने ४,७३८ द्यावयाचे. पेठेपेक्षा हा मार्ग महाग पडतो, म्हणून पाठविणारा स्वतः असाल तर आधी पेठच लिहावी. मात्र बापाचा हुकूम दर कमी म्हणून यादीतूनच गळाला असेल तर हा उपाय बहुधा लागू पडत नाही.

ईथरची चाल निराळी

जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या ईथरच्या वहीत प्रत्येक पत्त्याच्या हुकुमांस शून्यापासून अनुक्रमांक पडतो. त्यास ‘नॉन्स’ म्हणतात. धनादेशांचे पुस्तक असावे आणि बँकेने ४१ क्रमांकाचा धनादेश वटविल्याखेरीज ४२ वा घ्यावयाचाच नाही असा दंडक असावा, तसे हे आहे. ४१ वा हुकूम कमी शुल्कामुळे अडकला की त्यामागचे ४२, ४३, ४४ कितीही शुल्क दिले तरी खोळंबतात. घाबरून पुन्हा पुन्हा पाठवीत राहणारा मनुष्य रांग लांबवितो आणि शेवटी ४१ वा सुटला की सगळेच हुकूम एकापाठोपाठ बजावले जातात.

उपाय एवढाच की ४१ याच क्रमांकाचा नवा हुकूम वाढीव शुल्काने पाठवावा. जुन्याऐवजी तो स्वीकारला जाण्यासाठी शुल्क निदान १० टक्के वाढवावे, असा तेथील प्रमुख आज्ञावलीचा नियम आहे. मेटामास्कसारख्या वॉलेटात गती वाढविण्याची आणि रद्द करण्याची अशा दोन कळा यासाठीच आहेत. रद्द करणे म्हणजे ४१ क्रमांकाने स्वतःसच शून्य रक्कम पाठविणे. त्याचेही शुल्क पडतेच.

५ ऑगस्ट २०२१ पासून ईथरच्या शुल्काचे दोन भाग झाले आहेत. मूळ दर वही स्वतः ठरविते, आणि तो एका पानापासून पुढच्या पानापर्यंत फार तर १२.५ टक्के वरखाली होतो. त्यावरील बक्षिशी आपण ठरवायची. आपण घातलेली कमाल मर्यादा मूळ दराखाली राहिली तर बक्षिशी कितीही दिली तरी हुकूम अडतो. तेथे मर्यादाच वाढविली पाहिजे. सप्टेंबर २०२२ पासून तेथे नवे पान दर १२ सेकंदांनी येऊ शकते, म्हणून योग्य दर दिल्यास निकाल लवकर लागतो. एखादा हुकूम पानावर चढूनही ‘असफल’ ठरला असेल तर तो अडकलेला नसतो. त्याचे शुल्क खर्ची पडलेले असते आणि ते परत मिळत नाही.

घेणाऱ्या व्यापाऱ्यास इशारा

पाठविणाऱ्यास जी सोय, तीच घेणाऱ्यास जोखीम. अपुष्ट व्यवहार बदलता येतो, हे एकदा कळले म्हणजे गिऱ्हाइकाने मोबाइलच्या पडद्यावर ‘पाठविले’ असे दाखविताच माल देणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगावयास नको. माल घेऊन गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडते आणि वाटेतच दुसरा हुकूम काढून रक्कम स्वतःकडे वळविते, हे सहज शक्य आहे. वहीच्या पानावर नोंद चढल्याशिवाय जमा धरू नये. रक्कम मोठी असेल तर आणखी काही पाने चढू द्यावीत. न वटलेल्या हुंडीवर गोदाम उघडणारा व्यापारी आपल्या वाडवडिलांनी शहाणा मानला नसता.

हिशेबाच्या बाबतीत दोन शब्द. २०१८ च्या ज्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना या नाण्यांपासून दूर ठेवले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने या नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर बसविला, खरेदीच्या किमतीखेरीज अन्य खर्च वजा मिळणार नाही असे ठरविले, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून हस्तांतरणावर १ टक्का उगमकपात लावली. यास्तव व्यवहार बदलला किंवा रद्द केला तर जुना व नवा असे दोन्ही क्रमांक, तारखा आणि दिलेले शुल्क वहीत टिपून ठेवावे व आपल्या सनदी लेखापालास दाखवावे. रद्द झालेला हुकूम कालांतराने सार्वजनिक ठिकाणी दिसेनासा होतो. आपली टीप मात्र राहते.

बारा शब्दांची किल्ली

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अडकलेल्या व्यवहारात मूळ रक्कम सहसा जात नाही; ती जाते तो व्यवहार सोडवून देणाऱ्या भामट्याच्या हाती. मनुष्य अडचणीत सापडला की मदतीस धावणारे अनोळखी लोक त्यास हुडकीत येतात, गोड बोलतात, आणि वॉलेट ‘जुळवून घेण्यासाठी’ ते बारा किंवा चोवीस शब्द मागतात. हे शब्द २,०४८ शब्दांच्या ठरीव यादीतून निवडलेले असतात आणि त्यांतच सर्व खजिन्याची किल्ली असते. ते ज्याच्या हाती पडले तो आपणच आहोत असे वही मानते. तेथे तक्रार चालत नाही आणि गेलेली नोंद पुसली जात नाही.

वर सांगितलेल्या उपायांपैकी कोणत्याही उपायासाठी हे शब्द दुसऱ्यास सांगावे लागत नाहीत. शुल्क आपण आपल्याच वॉलेटातून वाढवितो. मोबदला घेऊन व्यवहार लवकर पानावर चढविणारे काही मायनर-संघ आहेत. त्यांनाही केवळ व्यवहाराचा क्रमांक पुरतो, आणि तो तर जगजाहीरच असतो. यापलीकडे जो काही मागेल तो चोर समजावा, मग तो स्वतःस वॉलेट-कंपनीचा नोकर म्हणवो की पोलीस. पेढीची सही आणि शिक्का आपण मुनिमाच्याही स्वाधीन करताना विचार करीत होतो; ते रस्त्यावरील अपरिचितास कोण देईल?

तात्पर्य, व्यवहार अडकल्यास चार गोष्टींचा क्रम घरात लिहून ठेवावा. क्रमांक पाहून दुखणे कोणते ते ठरवावे. तातडी नसेल तर थांबावे. तातडी असेल तर त्याच नाण्यांची, ईथर असल्यास त्याच क्रमांकाची, पेठ वाढीव शुल्काने लिहावी. आणि काहीही झाले तरी ते शब्द ओठांबाहेर काढू नयेत. नाणे नवे, वही नवी. परंतु वटल्यावाचून जमा नाही आणि एका रकमेचा भरणा एकदाच, हे दोन नियम आपल्या घराण्यांस पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहेत. घरातील वडीलधाऱ्यांनी हुंडी-पेठेची ही गोष्ट मुलांस सांगावी आणि मुलांनी नव्या वहीची रीत वडिलांस समजवावी. म्हणजे या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.